पांढरी गाडी आणि मेणाची डबी

मोटारीविषयी लिहिण्याचा अधिकार आम्हांस नाही, हे आरंभीच कबूल केलेले बरे. आमच्या मालकीचे वाहन म्हणजे एक जुनी स्कूटर. तिचा मूळ रंग कोणता होता, याविषयी आमच्या घरात आजही दोन मते आहेत. असे असूनही या महिन्याचे हे पान आम्ही मोटारीला लावावयाच्या मेणासाठी, त्यातही पांढऱ्या व फिकट रंगाच्या मोटारींच्या मेणासाठी खर्ची घालीत आहोत. कारण असे की, या विषयात आम्ही एकदा अज्ञानाने तोंड उघडले आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली. ज्याने चूक केली त्यानेच ती फळ्यावर लिहून दुरुस्त करावी, असा आमच्या वर्गातला जुना नियम आहे. तो मुख्याध्यापकास लागू नाही, असे कोठेही लिहिलेले नाही.

आमचा एक जुना विद्यार्थी भाड्याची मोटार चालवितो. त्याचे नाव येथे देत नाही, कारण त्याच्या घरी हा अंक येतो. दहावीपर्यंत तो आमच्या मराठी शाळेत शिकला. पुढे काही वर्षे त्याने एका जिनिंगमध्ये हिशेब लिहिला, नंतर दुसऱ्याची गाडी चालविली, आणि दोन वर्षांपूर्वी बँकेचे कर्ज काढून स्वतःची गाडी घेतली. गाडी पांढरी, पाटी पिवळी. माहूरची रेणुका, बासरची सरस्वती, नागपूरचे दवाखाने आणि लग्नसराई यांच्या जिवावर तिचा हप्ता फिटतो.

मार्गशीर्षातील एका रविवारी सकाळी तो आमच्या दारात उभा राहिला. हातात दोन डब्या होत्या.

"गुरुजी, परवा लग्नाचं मोठं भाडं आहे. नवरदेवाची गाडी म्हणून माझीच ठरली आहे. पण गाडी पिवळट, मळकट दिसते. दुकानदारानं या दोन डब्या दिल्यात. एक ठेवून दुसरी परत करायची आहे. सगळं इंग्रजीत लिहिलंय. यातली कोणती लावू?"

आमच्या भागातील वाचकांस या प्रश्नाचे नवल वाटणार नाही. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात गेले, आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहिले. २०१४ पासून ते तेलंगणात आहे. पैनगंगेच्या या काठावर राहिलेला आमचा माणूस घरात मराठी बोलतो, बाजारात तेलुगू बोलतो आणि गॅरेजमध्ये दखनी बोलतो. तीन भाषांत सहज व्यवहार करणारा हा माणूस डबीवरच्या चौथ्या भाषेपाशी मात्र अडतो, आणि मग जुन्या गुरुजींचे दार ठोठावतो. गुरुजींनाही ते आवडते. आम्हांसही आवडले. आम्ही चष्मा लावला.

एका डबीवरचा मजकूर अगदी साधा होता. हे मेण आहे, हे रंगाचे रक्षण करते, एवढेच तीत म्हटले होते. दुसरीवर आश्वासनांची रांग होती. ओरखडे जातील, डाग जातील, जुनाट थर जाईल, गाडी नव्यासारखी होईल. आम्ही क्षणाचाही विलंब न लावता दुसरी डबी त्याच्या हाती ठेवली. चाळीस मुलांना व्याकरण शिकविणाऱ्या माणसाने त्या दिवशी सारी विशेषणे वाचली आणि नाम तेवढे वाचले नाही. ते नाम होते 'रबिंग कंपाउंड'.

त्या पोराने रात्री उशिरापर्यंत जागून, दंडाला गोळे येईपर्यंत ती गाडी घासली. सकाळच्या उन्हात पाहतो तो बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल गोल वर्तुळे उमटलेली, आणि बॉनेटच्या कडा व चाकांवरील उंचवटे निस्तेज, खडूसारखे झालेले. लग्नघरच्या मंडळींनी गाडीकडे पाहिले, आपापसांत कुजबुज केली, आणि नवरदेवास दुसऱ्या गाडीत बसविले. आमच्या विद्यार्थ्याच्या गाडीत रुखवताचे सामान गेले. भाडेही त्याच मानाने मिळाले.

हे सारे आम्हांस त्याने सांगितले नाही. आठ दिवसांनी भाजीबाजारात त्याची आई भेटली. "गुरुजी, पोरानं रात्रभर जागून गाडी खराब केली बघा. कोणीतरी उलटं सांगितलं म्हणे त्याला." ते 'कोणीतरी' कोण, हे तिला ठाऊक नव्हते. पोराने आमचे नाव घेतले नव्हते. तिने आमच्या पिशवीत आपल्या हाताने चार लिंबे टाकली आणि ती पुढे निघून गेली. घरी येईपर्यंत ती पिशवी आम्हांस फार जड वाटली.

दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर त्यास बरोबर घेऊन आम्ही एका वयस्क पेंटरकडे गेलो. त्यांनी ती डबी हातात घेतली, झाकण उघडून आतला लगदा चिमटीत चोळून पाहिला आणि म्हणाले, "सर, ये घिसने की चीज है, लगाने की नहीं."

या एका वाक्यात सारा विषय आहे. पुढे सुट्टीत आम्ही जे वाचले आणि त्या पेंटरमहाशयांकडून जे शिकलो ते या वाक्याचे भाष्य होय. आमच्या अनेक वाचकांच्या दारात आता गाडी आहे, आणि ती बहुधा पांढरी किंवा चंदेरी आहे. म्हणून ते भाष्य येथे देतो.

दुकानात एकाच फळीवर तीन वेगळ्या वस्तू मांडलेल्या असतात आणि आपण तिन्हींना 'पॉलिश' म्हणतो. पहिले कंपाउंड. त्यात बारीक कठीण कण असतात. सुताराचा पॉलिश पेपर लाकडावर जे काम करतो तेच हे रंगावर करते, म्हणजे वरचा थर खरवडून काढते. दुसरे पॉलिश. त्यातही कण असतात, परंतु फारच बारीक. भांडी उजळण्याच्या भुकटीसारखे ते काम करते. तिसरे मेण. मेण काहीही काढून नेत नाही, ते वर राहते. शेतकरी पावसात इरले घेतो तसे ते गाडीचे इरले आहे. कंपाउंड व पॉलिश घेतात, मेण देते. डबी उचलण्यापूर्वी ती घेणारी आहे की देणारी, एवढे पाहिले तरी अर्धा अनर्थ टळतो.

मग जुने ड्रायव्हर कंपाउंडची एवढी महती का सांगतात? त्यास कारण आहे. ज्यांनी सरकारी कचेरीसमोर पांढऱ्या अँबॅसडरांची रांग पाहिली आहे त्यांना ते चटकन कळेल. १९५८च्या सुमारास सुरू होऊन २०१४ साली बंद झालेली ही गाडी. तिच्या जुन्या पिढीतील गाड्यांवर रंगाचा जो थर असे तोच शेवटचा थर असे. उन्हाने त्याचा पृष्ठभाग मरून जाई, आणि हात फिरविला की हाताला पांढरी भुकटी लागे. कंपाउंडने तो मेलेला थर काढला की खालचा ताजा रंग वर येई. म्हणजे त्या ड्रायव्हरांचे म्हणणे त्यांच्या गाडीपुरते खरे होते. अलीकडच्या बहुतेक गाड्यांवर मात्र रंगाच्या वर पारदर्शक लॅकरचा आणखी एक थर असतो, ज्यास कारखान्यात 'क्लिअर कोट' म्हणतात. त्याची जाडी साधारणतः ४० ते ५० मायक्रॉन असते. माणसाच्या डोक्याचा केस याहून जाड असतो. गाडीची सारी चकाकी या केसाहून पातळ थरात असते, आणि आम्ही आमच्या विद्यार्थ्यास नेमका तोच थर रात्रभर घासावयास लावला. कडांवर हा थर मुळातच पातळ बसतो. म्हणून कडा आधी गेल्या.

आपल्या गाडीवर हा थर आहे की नाही, हे ओळखण्याची एक सोपी रीत आहे. दाराच्या आतल्या बाजूस, जेथे कोणाचे लक्ष जात नाही तेथे, काळ्या फडक्यावर थेंबभर सौम्य पॉलिश घेऊन हलके चोळावे. फडक्यावर पांढरा रंग उतरला तर गाडी जुन्या पद्धतीच्या एकाच थराची आहे. काहीच उतरले नाही तर वर क्लिअर कोट आहे. पांढऱ्या गाडीसाठी फडके काळेच हवे, हे सांगणे नलगे. चंदेरी व मोतिया रंगांत चमकणाऱ्या कणांचा रंग खाली असतो आणि वर पारदर्शक थर असतो. तेथे कंपाउंडचे नावही काढू नये.

आता फिकट रंगाची विशेष गोष्ट. काळ्या गाडीत आपण जे पाहतो ते मुख्यतः पृष्ठभागावर पडलेले प्रतिबिंब असते. झाडे, आकाश, आपले तोंड, सारे त्यात दिसते. म्हणून मेणाने पृष्ठभाग थोडा गुळगुळीत झाला तरी ते प्रतिबिंब खुलते आणि गाडी ओली असल्यासारखी गहिरी दिसते. पांढऱ्या गाडीचे तसे नाही. पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइड नावाचे द्रव्य असते. ते आलेला बहुतेक प्रकाश सर्व दिशांना परत फेकते. त्या उजेडापुढे पृष्ठभागावरचे प्रतिबिंब फिके पडते. साहजिकच महागड्या मेणाने काळ्या गाडीत जो फरक दिसतो तो पांढऱ्या गाडीत डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. दुकानदाराने काळ्या पत्र्यावर मेण लावून दाखविले आणि आपण भारावून पांढऱ्या गाडीसाठी तीच डबी घेतली, तर निराशा ठरलेली.

याउलट पांढऱ्या गाडीवर मळ मात्र लपत नाही. आमच्याकडील रेगडी मातीचा राखाडी थर, रस्त्यावरचे डांबराचे काळे शिंतोडे, आरशाखाली आणि दाराच्या मुठींखाली पावसाने उतरलेले काळे ओघळ, आणि जवळून पाहिल्यास दिसणारे बारीक नारिंगी ठिपके. या ठिपक्यांना पुष्कळ लोक पत्र्याचा गंज समजतात आणि घाबरतात. बहुधा तो आतला गंज नसतो. ब्रेक घासले जाताना लोखंडाची जी सूक्ष्म धूळ उडते ती गरम असते, रंगावर बसते, तेथे रुतते आणि मग ओलाव्याने गंजते. काळ्या गाडीवरही हे होते, परंतु तेथे ते दिसत नाही. पांढऱ्या गाडीचे पिवळटपण हे बहुतेक वेळा रंगाचे म्हातारपण नसून अशा साचलेल्या मळाचे असते.

म्हणून पांढऱ्या गाडीचे सौंदर्य मेणात नाही, ते मेणाआधीच्या स्वच्छतेत आहे. मेण केवळ त्या स्वच्छतेची राखण करते. एवढे मनात ठसले की डबीची निवड सोपी होते.

प्रथम गाडी सावलीत, भरपूर पाण्याने आणि गाडीसाठीच्या साबणाने धुवावी. पाणी ओतण्यापूर्वी कोरडे फडके मारू नये. सकाळी उठून कोरड्या फडक्याने गाडी झटकणे ही आपल्याकडील निष्ठावंत ड्रायव्हरांची नित्यपूजा आहे, परंतु धुळीतील वाळूचे कण त्या फडक्याखाली कंपाउंडचेच काम करतात. धुऊन झाल्यावर बोटांवर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून पत्र्यावरून हात फिरवावा. नुसत्या हाताला न जाणवणारा खरखरीतपणा पिशवीतून जाणवतो. खरखर लागली तर मळ रुतलेला आहे असे समजावे. डांबरासाठी वेगळे द्रव मिळते. लोखंडाच्या ठिपक्यांसाठी जे मिळते ते लोखंडाशी संयोग पावून जांभळे होते, आणि पांढऱ्या गाडीवर हा रंगपंचमीचा देखावा पाहण्यासारखा असतो. उरलेल्या मळासाठी 'क्ले' नावाची मऊ मातीची वडी येते. साबणाचे पाणी शिंपडून ती हलक्या हाताने फिरविली की रुतलेले कण उचलून घेते. वडी जमिनीवर पडली तर मात्र मोह न धरता टाकून द्यावी, कारण तिला लागलेली वाळू ती गाडीवर परत करील.

एवढे झाले म्हणजे मेणाची पाळी.

मेण म्हटले की आमच्या भागातील माणसास डोक्रा कारागीर आठवतात. उशेगाव आणि केसलागुडा येथील ओझा मंडळी मधमाश्यांच्या मेणाचे दोरे मातीच्या साच्यावर गुंडाळतात, वरून पुन्हा माती लिंपतात आणि साचा भट्टीत घालतात. मेण वितळून निघून जाते आणि त्याच्या रिकाम्या जागी पितळेचा रस ओततात. २०१६ साली जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, त्यांत ही गावे कोमरम भीम आसिफाबादकडे गेली. कला मात्र आदिलाबादच्याच नावाने ओळखली जाते. तेथे मेणाचा गुण म्हणजे उष्णतेने पळून जाणे. गाडीवर तोच त्याचा दोष ठरतो. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंश सेल्सियसला वितळते. वैशाखात आमच्याकडे पारा ४५च्या आसपास जातो, आणि उन्हात उभ्या असलेल्या काळ्या पत्र्याचे तापमान ७०च्या पुढे जाऊ शकते. तेथे नुसत्या मधमेणाचा निभाव लागणे कठीण.

या कामी जगाने जे मेण निवडले ते ब्राझीलच्या ईशान्य भागातील एका ताडाचे. त्याचे नाव कार्नोबा. अवर्षणाच्या प्रदेशात पानांतील पाणी उडून जाऊ नये म्हणून हे झाड पानांवर मेणाचा लेप धरते. पाने तोडून वाळवितात, झोडपतात, आणि जी भुकटी पडते तिचे मेण करतात. ते ८२ ते ८६ अंशांपर्यंत तग धरते आणि वनस्पतिजन्य मेणांत अत्यंत कठीण समजले जाते. या झाडांच्या शोधात १९३५ साली जॉन्सन या अमेरिकन मेण-कारखान्याचे प्रमुख विस्कॉन्सिनमधील रासीनहून एका लहान जलस्थलविमानाने थेट ब्राझीलच्या फोर्तालेझापर्यंत गेले होते. ज्या झाडाने उन्हापासून आपले पान राखावयाचे तंत्र शोधले, तेच तंत्र आपण पत्र्यासाठी उसने घेतले, एवढाच याचा अर्थ.

डबीवर 'शंभर टक्के कार्नोबा' असे असते, तेही नीट वाचावे. निव्वळ कार्नोबा दगडासारखे कठीण असते, ते पत्र्यावर पसरणारच नाही. म्हणून प्रत्येक डबीत द्रावक, तेल व इतर मेणे मिसळलेली असतात. त्या शब्दांचा अर्थ इतकाच, की आत जे कार्नोबा आहे ते शुद्ध आहे. ते किती आहे, याविषयी ती डबी बहुधा मौन पाळते.

कार्नोबाशिवाय दुसरा प्रकार कृत्रिम पॉलिमरचा. त्याला 'सीलंट' म्हणतात. कार्नोबाचा थर आपल्या हवेत साधारणतः महिना-दीड महिना टिकतो. सीलंट त्याहून जास्त, कित्येकदा चार-सहा महिनेही टिकते. कार्नोबाने रंगास किंचित ऊबदार गहिरेपणा येतो, तो गडद गाडीस शोभतो. सीलंटची चमक थंड, काचेसारखी असते, ती पांढऱ्या व चंदेरी रंगास साजते. त्यातून पांढरा पत्रा उन्हात काळ्याहून पुष्कळ थंड राहतो, म्हणून कोणतेही मेण त्यावर अधिक टिकते, हा पांढरेपणाचा आणखी एक फायदा. ज्याची गाडी रोज रस्त्यावर असते त्याने सीलंट घ्यावे. ज्याची गाडी रविवारी बाहेर निघते आणि ज्यास हाताने काम करण्याची हौस आहे त्याने कार्नोबा घ्यावे. पांढऱ्या गाडीवर पाहणाऱ्यास दोहोंतील फरक सांगता येणार नाही, तेव्हा किमतीकडे पाहून निर्णय केला तरी चालेल.

काही डब्यांवर 'फिकट रंगासाठी' असे छापलेले असते. ती निव्वळ जाहिरात नव्हे. अशा मेणात बहुधा मळ काढणारी द्रव्ये किंवा अतिसूक्ष्म घासणारे कण घातलेले असतात. वर्षानुवर्षे मेण न लागलेल्या, मळकट पांढऱ्या गाडीस ते पहिल्या खेपेला उपयोगी पडते. परंतु दर महिन्यास तेच लावणे म्हणजे दर महिन्यास थोडे थोडे घासणे. एकदा गाडी स्वच्छ झाली की पुढे कण नसलेले साधे मेण वापरावे. काळे किंवा रंगीत मेण मात्र फिकट गाडीजवळ आणूच नये. खाचांत आणि टवक्यांत त्याचा रंग अडकून बसतो. मेण स्वतः पिवळट दिसले म्हणून भिऊ नये. ते इतके पातळ बसते की त्याने गाडी पिवळी होत नाही. जाड थापून नीट पुसले नाही तरच खाचांत पिवळी रेघ दिसते.

लावण्याची रीतही लक्षात ठेवावी. सकाळी किंवा संध्याकाळी, सावलीत. बॉनेटवर तळहाताची मागची बाजू ठेवून ती सुखाने टिकते तेव्हाच. एका भागास बोटाच्या पेराएवढे मेण पुरे. जास्त लावल्याने जास्त राखण होत नाही, पुसण्याची मेहनत तेवढी वाढते. पांढऱ्या गाडीवर वाळलेले मेण दिसत नाही, ही येथील खरी अडचण. म्हणून एकेक भाग पुरा करूनच पुढे जावे, आणि शेवटी तिरप्या उजेडात वाकून पाहावे. काळ्या प्लास्टिकला व रबराला मेण लागू देऊ नये; तेथे ते पांढरे पडते आणि मग निघता निघत नाही. पुसण्यास मायक्रोफायबरचे फडके उत्तम. ते नसेल तर धुऊन धुऊन मऊ झालेले जुने धोतर चालेल, फक्त त्यास शिवण नको आणि बटण तर नकोच नको. आणि ज्यांना लवकरच रंगकाम करावयाचे आहे त्यांनी सिलिकोन असलेले मेण टाळावे; ते पुरते निघाले नाही तर नव्या रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात, आणि पेंटर आपल्या नावाने बोटे मोडतात.

एवढे सारे शिकून संक्रांतीच्या सुट्टीत आम्ही दोघांनी आमच्या अंगणात ती गाडी धुतली. पेंटरमहाशयांनी आपल्या यंत्राने बारीक पॉलिश फिरवून बॉनेटवरची वर्तुळे घालविली होती. आम्ही क्लेची वडी फिरविली, नारिंगी ठिपके काढले आणि दुपार कलल्यावर सीलंट लावले. कामाच्या निम्म्या वेळात आम्ही मार्गदर्शन केले आणि उरलेल्या निम्म्यात कंबर धरून बसलो. संध्याकाळी गाडी खरोखरच पांढरी दिसली. बॉनेटच्या डाव्या कडेवर तळहाताएवढा निस्तेज डाग तेवढा राहिला. तेथला पारदर्शक थर पुरता गेला आहे. तो परत आणणारे मेण जगात नाही. तेथे नवा रंगच द्यावा लागेल. त्या खर्चाचे पैसे आम्ही पाकिटात घालून पुढे केले. त्याने ते घेतले नाहीत.

"हप्ते फिटले की बघू, गुरुजी. गणित चुकलं की तुम्ही आम्हांला शंभर वेळा लिहायला लावत होता. आता तुम्हीच सांगा, तुमच्याकडून काय लिहून घेऊ?"

आम्ही ते मनावर घेतले. ही शिक्षा आपण एकट्यानेच का भोगावी, असा विचार करून नववीच्या वर्गास आम्ही एक नवा गृहपाठ दिला. घरातील रिकामे डबे व बाटल्या आणाव्यात आणि त्यांवरील इंग्रजी मजकूर मराठीत उतरवावा. फवारणीच्या औषधाच्या बाटल्या धुऊनसुद्धा हाताळू नयेत, त्यांवरचा मजकूर घरच्या मोठ्या माणसांकडून उतरवून आणावा, अशी ताकीद आधी दिली. मुलांनी साबणाचे, तापाच्या गोळ्यांचे, आणि आमच्या कापूसपट्ट्यात अर्थातच फवारणीच्या औषधांचे मजकूर आणले. ते वाचताना आमच्या ध्यानात आले की गाडीचा रंग ही यातील फार लहान गोष्ट आहे. न वाचता वापरलेल्या प्रत्येक वस्तूची किंमत एका बॉनेटवर भागत नाही.

त्या ढिगात आम्ही आमचीही डबी हळूच ठेवली होती. ती एका मुलीच्या वाट्यास आली. तिचे वडील पाहुण्यांच्या शेतावर सालदार आहेत. मोटारीशी तिचा संबंध रस्ता ओलांडण्यापुरता. त्या डबीवर 'कट' असा एक शब्द होता. आम्ही रविवारच्या त्या सकाळी तो वाचला होता आणि व्यापाऱ्यांची काहीतरी बढाई समजून सोडून दिला होता. मुलीने शब्दकोश काढला, पेन्सिल चावली आणि वहीत सरळ लिहिले : "हे औषध गाडीचा रंग कापते."

आम्ही तिला दहापैकी दहा गुण दिले.